दाजींचा शुक्रवार

आमचे दाजी शुक्रवार पाळतात. हे ऐकून नवीन माणूस संतोषीमातेच्या दिशेने विचार करतो. आक्काच्या शेजारणीने एकदा गूळ-फुटाण्याचा प्रसादही मागितला होता. पण दाजी शुक्रवारी चिंचेचं सार दोन वाट्या जास्त घेतात. त्यांचा शुक्रवार आहे नव्या गाण्यांचा. जगभरच्या गाण्याच्या कंपन्यांनी ठरवलं, की १० जुलै २०१५ पासून नवी गाणी शुक्रवारी काढायची. त्याआधी अमेरिकेत ती मंगळवारी निघायची, इंग्लंडात सोमवारी. या निर्णयाने जगात कुणाच्या संसारात काय फरक पडला माहीत नाही. अहमदपुरात आमच्या आक्काच्या संसारात पडला. गुरुवारी रात्री बारा वाजता दाजी कानात बोंडं घालून गच्चीवर जातात, आणि सकाळी सहाला आमचे सगळ्यांचे फोन टुंग-टुंग करायला लागतात.

दाजींचं नांदेड रोडला कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठात. माणूस सरळ, व्यवहाराला चोख, उधारीच्या वहीत कधी एक ओळ चुकणार नाही. पण नवं गाणं सापडलं की हा माणूस आवरत नाही. आणि गाणीही कसली? सिनेमातली चालत नाहीत. भावगीतांना ते हात जोडतात आणि पुढे जातात. त्यांचे तीन प्रांत ठरलेले आहेत : इंडी, अल्टरनेटिव्ह आणि इलेक्ट्रॉनिक. आक्काने याच्या व्याख्या करून ठेवल्यात. ज्याच्यामागं कुणी नाही ते इंडी, ज्याला कुणी विचारत नाही ते अल्टरनेटिव्ह, आणि ज्यात माणूस गातोय का गिरणी चालूय ते कळत नाही ते इलेक्ट्रॉनिक. दाजींना या व्याख्या मान्य नाहीत, पण त्यांनी अजून यापेक्षा सोप्या करून दिलेल्या नाहीत.

दाजी गाणं कसं ऐकवतात ते बघण्यासारखं असतं. आधी ते तुमचा मोकळा वेळ हेरतात. हातात चहाचा कप असला की माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग खिशातून फोन निघतो. एका कानातलं बोंड काढून शर्टाच्या टोकाला दोनदा पुसलं जातं आणि तुमच्या हातात येतं. गाणं मात्र लगेच सुरू होत नाही. आधी पूर्वपीठिका. हा पोरगा कुठला, त्याने हे कुठल्या खोलीत बसून केलं, माइक कुठला वापरला, याआधीचं गाणं कसं फसलं होतं. चहा संपत आला की गाणं सुरू होतं. मग दाजी गाण्याकडे लक्ष देत नाहीत, तुमच्या तोंडाकडे देतात. एक बोट हवेत. "थांब... थांब... आता येतंय." काय येतंय ते आपल्याला माहीत नसतं. आपण भुवया ताणून बसतो. "आता... आता... आलं! ऐकलंस?" आपण मान हलवतो. काय आलं आणि कुठून गेलं, देव जाणे. दाजींचं बोट मात्र समाधानाने खाली येतं.

भाषा कळत नाही अशी तक्रार त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यांचं पहिलं प्रेमच मुळी न कळणाऱ्या भाषेवर बसलं. परभणीच्या होस्टेलवर खोलीतल्या मित्राने त्यांना इंडियन ओशनची 'कंदिसा' ही कॅसेट दिली होती. २००० सालचा अल्बम. त्यातलं शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. परभणीच्या उन्हात, विहिरीच्या पाण्याचा क्षार मोजायचा अभ्यास करताना, या माणसाने ती प्रार्थना एवढी ऐकली की फीत ओढली गेली आणि गायकाचा आवाज दोन पट्ट्या खाली उतरला. "मला ते खालच्या पट्टीतलंच खरं वाटतं अजून," असं ते सांगतात. म्हणून आज आइसलंडच्या सिगुर रोसची गाणी ऐकवताना त्यांना काहीच वावगं वाटत नाही. त्या लोकांनी २००२ साली एक अल्बम काढला. त्याचं नाव म्हणजे दोन कंस, मध्ये काही नाही. आणि गाण्यांत जी भाषा आहे ती कुठल्याच देशात बोलत नाहीत, त्यांनी स्वतःच तयार केलेले ते आवाज आहेत.

"नाव काय म्हणालाव?" आमच्या वडलांनी विचारलं होतं.

"कंस."

"देवकीचा भाऊ?"

दाजींनी हवेत बोटांनी दोन कंस काढून दाखवले. वडलांनी त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "सोयाबीनचा भाव काय निघाला आज?"

आमच्या गावाला रेल्वे नाही. लातूरला जा नाहीतर नांदेडला, एसटी धरायची. पण दाजींच्या दुकानात विमानतळाचं संगीत वाजतं. ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९७८ साली विमानतळावर वाजवायला म्हणून एक अल्बम केला, आणि 'ॲम्बियंट' हा शब्द त्या प्रकाराला तिथून चिकटला. सूर लावून ठेवायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा नाही, असं ते संगीत. मृगाच्या तोंडावर दुकानात बियाण्याला गर्दी, आणि वर हा सूर. हाडोळतीकडचा एक म्हातारा बराच वेळ छताकडे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "मालक, पंखा आवाज करूलालाय. तेल सोडा की जरा." दाजींनी पंखा बंद केला. सूर चालूच. म्हाताऱ्याने बियाण्याची पिशवी खाली ठेवली आणि मीटरपेटीकडे बोट दाखवलं. तरी दाजींनी त्याला सोडलं नाही. "पंखा नाही, बाबा. गाणं आहे. कसं वाटलं?" म्हातारा विचार करून बोलला, "वाईट नाही. पण सुरू कवा होतंय?"

हाच प्रश्न आम्ही सगळे वर्षानुवर्षं विचारतोय. त्यावर दाजींचं उत्तर धंद्यातलं आहे. औषधं दोन जातींची असतात, ते सांगतात, एक स्पर्शजन्य आणि एक आंतरप्रवाही. स्पर्शजन्य म्हणजे फवारलं की किडीला लागलं. आंतरप्रवाही आधी झाडात भिनावं लागतं, मग गुण दिसतो. सिनेमाचं गाणं स्पर्शजन्य. हे आंतरप्रवाही आहे, तीन दिवसांनी लागतं. आणि खरं सांगायचं तर मंगळवारी आंघोळ करताना त्यांच्या शुक्रवारच्या गाण्यातली एखादी सुरावट तोंडात येते, तेव्हा या माणसाचा राग येतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दाजींची यादी पडते, तेव्हा जे होतं ते एकदा बाहेरच्याने बघावं. एक काका कुठल्याही लिंकला 'हार्दिक अभिनंदन' असं उत्तर देतात. बँकेत असलेला मावसभाऊ दर वेळी खाली इशारा टाकतो, "अनोळखी लिंक उघडू नका, खात्यातली रक्कम जाते." लातूरला नीटच्या शिकवणीला ठेवलेल्या भाच्याला दाजींनी 'अभ्यासाला बसताना' अशा नावाची यादी करून पाठवली. आक्काने ती त्याच्या फोनवरून पुसायला लावली. "त्याला डॉक्टर करायचाय का बँडवाला?" हा तिचा प्रश्न. लातूर पॅटर्नमध्ये सगळ्याला जागा आहे, पण बोर्ड्स ऑफ कॅनडाला नाही. हे बोर्ड्स ऑफ कॅनडा मुळात कॅनडाचे नाहीत, दोघं भाऊ स्कॉटलंडचे आहेत. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. दाजींमुळे आहे.

अशी निरुपयोगी माहिती या माणसाने आमच्या घरात खूप भरून ठेवली आहे. ख्रुआंगबिन हे टेक्ससच्या तिघांच्या बँडचं नाव आहे आणि थाई भाषेत त्याचा अर्थ विमान होतो. श्यूगेझ नावाचा एक प्रकार आहे, कारण ती मंडळी पायाजवळच्या पेडलांकडे बघत गिटार वाजवायची. त्यावर आक्का म्हणाली होती, "बुटाकडं बघत वाजवतेत? मग मान वर करून कोण काय म्हणतंय ते कवा बघतेत?" टीका म्हणून हे वाक्य मला आजही पुरेसं वाटतं.

दाजींचा अभिमान मात्र एकाच गोष्टीचा : आधी ऐकल्याचा. प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' २०१८ चं. दाजींनी ते तेव्हाच आम्हाला पाठवलं होतं. २०१९ संपताना बराक ओबामांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली, त्यात ते निघालं. सगळा देश हरखला. दाजी दुकानात शांतपणे युरियाची पावती फाडत म्हणाले, "साहेबांना दीड वर्ष लागलं. अहमदपुरात कवाच वाजलंय." पुरावा म्हणून जुना मेसेज तारखेसकट दाखवण्यात आला. असे सगळे मेसेज ते खूण करून ठेवतात. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तीही दाजींनी पहिल्याच आठवड्यात गटावर टाकली होती. काकांनी अभिनंदन केलं होतं. पुढे ते गाणं हळदीला वाजलं, वरातीला वाजलं, शाळेच्या गॅदरिंगला वाजलं, आणि दाजी त्यातून अलगद बाजूला झाले. आता ते लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी सासरी दिलेल्या बापाचा भाव येतो. आनंद आहे, पण आता तिकडचे लोक बघतील.

त्याच वर्षी चाकूरकडच्या एका लग्नात दाजींनी धाडस केलं. वरातीच्या डीजेवाल्या पोराला त्यांनी पेनड्राइव्ह दिला. आत कुणा युरोपातल्या माणसाची सात मिनिटांची चीज. पहिली साडेतीन मिनिटं नुसता वारा आणि लांबून काहीतरी घासल्याचा आवाज. वरात जागच्या जागी थांबली. नाचणाऱ्या पोरांचे हात वर होते ते हळूहळू खाली आले. डीजेवाल्याने ॲम्प्लिफायरची पिन काढून परत खोचली. कुणीतरी जनरेटरमधलं डिझेल बघून आलं. नवरदेव घोड्यावरून विचारायला लागला, "काय झालं? लाइट गेली का?" आणि दाजी त्या गर्दीत एक बोट हवेत धरून उभे. "थांबा... आता येतंय."

आलं तेव्हा निम्मी वरात रसना प्यायला गेली होती. पण सोबत आणलेल्या हलगीवाल्यांपैकी एक जण तिथेच होता. हलगी नुकतीच जाळावर शेकून घेतलेली. तो एका कानाने स्पीकरकडे झुकला. चार ठोके त्याने नुसते जाऊ दिले, डोळे बारीक करून. पाचव्याला काडी लावली, सहाव्याला टिपरू, आणि त्या यंत्राच्या ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागा एकेक करून भरून काढल्या. दीड मिनिट चाललं ते. नवरदेवाचा घोडासुद्धा कान टवकारून उभा राहिला. मग मुलाचा मामा रसना संपवून आला आणि ओरडला, "ए, गुलाबी साडी लाव!" दाजींना त्याचं काही वाटलं नाही. त्या दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग ते आजही ऐकवतात. त्यात हलगीपेक्षा दाजींचंच 'वा, वा' जास्त आहे.

हे इंग्रजांचं खूळ आहे असं कुणी म्हटलं की ते वादाला बसतात. न्यूक्लिया हे नाव घेऊन आपल्याच मिरवणुकांचे ढोल आणि भोंगे यंत्रात घालणारा उदयन सागर काय इंग्रज आहे? तबल्याला इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून २००१ साली 'रिअलाइज' काढणारे कर्ष काळे? "जन्म इंग्लंडात, वाढले न्यूयॉर्ककडं, पण आडनाव बघ की." मराठी शब्दांवर हाउस वाजवणाऱ्या क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, हे तर त्यांना घरातल्या पोराला नोकरी लागल्यासारखं झालं होतं. आणि शेवटचा हुकमी मुद्दा माळेगावच्या यात्रेचा. खंडोबाच्या त्या यात्रेत रात्री मधोमध उभं राहावं, एका बाजूला तमाशाचा तंबू, एका बाजूला मौत का कुआँ, वर पाळणा, आणि सगळ्यांचे भोंगे एकदम चालू. "लोक हे ऐकायला बर्लिनला जातेत," दाजी म्हणतात. ते स्वतः पुण्यापर्यंत गेलेत. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या वीकेंडर महोत्सवाला ते एकदा मोशीच्या किसान प्रदर्शनाचं नाव सांगून गेले होते. परत आले ते मनगटावर रंगीत पट्टी बांधून. आक्काने विचारलं, "ठिबकवाल्यानं बांधली का?"

पण दाजींचा आवाज खरोखर उतरतो तो चरणजित सिंग यांची गोष्ट सांगताना. मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे हे गृहस्थ. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची नवी जपानी यंत्रं जुळवली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवून एक रेकॉर्ड केली. खपली नाही. कुणी फारशी ऐकलीच नाही. काही वर्षांनी शिकागोत तशाच यंत्रांवर तशाच तऱ्हेचं संगीत निघालं आणि त्याला ॲसिड हाउस म्हणून मोठं नाव मिळालं. इकडे ही रेकॉर्ड पडून. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि सत्तरी गाठलेल्या चरणजितांना परदेशात वाजवायला बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

"अठ्ठावीस वर्षं," दाजी म्हणतात. "त्या टायमाला एक जरी माणूस लोकांच्या मागं लागला असता, ऐका म्हणून..." तो एक माणूस कोण, हे ते बोलून दाखवत नाहीत.

मागे एकदा त्यांना ती संधी मिळाली. उदगीरकडचा एक पोरगा, होस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करणारा. त्याचं एक गाणं स्पॉटिफायवर नऊशेच्या पुढे अडकून बसलं होतं. २०२४ पासून त्या कंपनीचा नियम असा, की वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळत नाही. आणि ऐकलं म्हणजे किमान तीस सेकंद. एकट्या दाजींनी फोन चालू ठेवून भागणार नव्हतं, माणसं वेगवेगळी लागतात. मग काय विचारता! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पावतीबरोबर तीस सेकंद. परभणीची अख्खी बॅच उठवली गेली. आमच्या आत्याला फोन आला, तिला वाटलं कुणीतरी गेलं. "कुणी नाही गेलं, आत्या. तीस सेकंद फोन कानाला लावा." बँकेतल्या मावसभावानेसुद्धा लिंक उघडली. आक्काने दळण निवडता निवडता ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "आवाज बरा आहे लेकराचा. जेवत नसंल पण नीट." हजार झाले त्या रात्री दाजींनी सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. पैसे किती मिळणार, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "पैशाचं सोड की."

पोराचा आभाराचा मेसेज आला. पुढे त्याचं दुसरं गाणं आलं. ते दाजींना आवडलं नाही. अर्धी रात्र जागून त्यांनी त्याला लांबलचक मेसेज लिहिला, कुठे गंडलंय, ढोल कुठे जास्त झालाय, आवाज कुठे दाबला गेलाय. ते गाणं त्यांनी गटावर टाकलं नाही. मला वाटलं आता पोरगा तुटेल. त्याने तिसरं गाणं केलं आणि बाहेर काढायच्या आधी दाजींना पाठवलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाच्या लिंकांना आपण कंटाळत असलो तरी त्यातली एकही त्याने न ऐकता पाठवलेली नसते. फुलांची चित्रं, सुविचार आणि ज्येष्ठांसाठीचे आरोग्यसल्ले पुढे ढकलणाऱ्या आमच्या गटात एवढं कुणाबद्दल म्हणता येणार नाही.

असा एक माणूस तुमच्याकडेही असेल. गाण्यांचा नसेल तर पुस्तकांचा, सिनेमांचा, नाहीतर कुठल्याशा खानावळीच्या शेवभाजीचा. आपल्याला जे सापडलं ते दुसऱ्याच्या गळी उतरल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्याला टाळू नका. तो फोन काढेल तेव्हा चहा बाजूला ठेवा आणि ऐका. नाही आवडलं तर तोंडावर सांगा, त्याचा त्याला राग येत नाही. मात्र नुसतं 'छान आहे' म्हणून सुटायला बघू नका. तेवढ्याने तो अजिबात फसत नाही, आणि शिक्षा म्हणून आणखी तीन गाणी ऐकवतो.